करंट कुठे अडला?

३० ऑक्टोबर २०२३पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असते आणि ताडदेव आरटीओत नोंदलेल्या शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची मुदत आदल्या दिवशी संपली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. कुणी वडिलांची आठवण म्हणून ठेवली आहे, कुणी हौसेने घेतली आहे. या मंडळींची एक तक्रार ठरलेली असते: सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण गाडी काही चालू होत नाही.

पद्मिनी कुर्ल्याची. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. इटलीच्या फियाटशी करार होऊन पन्नाशीच्या दशकात कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० तयार होऊ लागली. तीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. नावं बदलली, पण बॉनेटखाली तेच १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन राहिलं आणि त्याला ठिणगी पुरवणारी यंत्रणाही तीच राहिली. या यंत्रणेचा मूळ आराखडा अमेरिकेतल्या चार्ल्स केटरिंगचा. तो १९१०च्या कॅडिलॅकमध्ये पहिल्यांदा बसला आणि पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरच्या पेट्रोल गाड्या त्याच्यावरच धावल्या.

काम साधं आहे. बॅटरी देते १२ व्होल्ट. प्लगच्या फटीत ठिणगी पडायला हजारो व्होल्ट लागतात, जोर लागला तर पंधरा-वीस हजारही. हा फरक कॉईल भरून काढते. तिच्यात लोखंडी गाभ्याभोवती तारेचे दोन वेढे असतात, एक जाड तारेचा आणि थोड्या फेऱ्यांचा, दुसरा केसासारख्या बारीक तारेचा आणि हजारो फेऱ्यांचा. डिस्ट्रिब्युटरमधले सी. बी. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा जाड तारेतून करंट वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेत प्रचंड दाब उठतो. तो दाब मधल्या वायरीने डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये येतो आणि तिथून फिरता रोटर तो ज्याच्या त्याच्या प्लगला वाटून देतो. पद्मिनीत हा क्रम १-३-४-२ असा आहे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे मारत असेल, तर पॉइंट सेकंदाला शंभर वेळा उघडतात आणि मिटतात.

या साखळीतला सगळ्यात दुर्लक्षित तुकडा म्हणजे कंडेन्सर. करंगळीच्या पेराएवढी ही डबी पॉइंटला समांतर जोडलेली असते. पॉइंट उघडताना करंट फटीतून उडी मारू पाहतो. कंडेन्सर तो स्वतःत ओढून घेतो, म्हणून करंट झटक्यात तुटतो. कंडेन्सर निकामी झाला, तर पॉइंटमध्येच ठिणग्या फुटतात, त्यांचे चेहरे जळतात आणि प्लगला मिळते ती मरतुकडी, पिवळसर ठिणगी. अशा वेळी बहुतेक जण कॉईल बदलतात. पैसे जातात, गाडी तशीच राहते.

म्हणून जुना मिस्त्री आधी काही बदलत नाही, आधी करंट कुठपर्यंत येतोय ते बघतो. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा लागतो का? तोच लागत नसेल, तर गडबड चावीच्या स्विचमध्ये, फ्यूजमध्ये किंवा बॅटरीच्या टर्मिनलवर. डिस्ट्रिब्युटर उघडायची गरजच नाही. दिवा लागला, तर तो कॅपमधून कॉईलची मधली वायर काढतो, रबरी मुठीच्या पक्कडीत धरून तिचं टोक इंजिनच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटरवर आणतो आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगतो. कडक आवाज करत निळी ठिणगी उडाली, तर कॉईल, पॉइंट आणि कंडेन्सर तिघेही निर्दोष. दोष पुढे आहे, म्हणजे कॅप, रोटर, वायरी किंवा प्लगमध्ये. ठिणगी नसेल, तर दोष मागे आहे. एका चाचणीत अर्धी यंत्रणा बाद होते.

दोष मागे असेल, तर पुढची चाचणी टेस्ट लॅम्पची: होल्डरमधला १२ व्होल्टचा बल्ब आणि दोन वायरी, बस. एक टोक कॉईलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला. इंजिन फिरवताना दिवा उघडझाप करत असेल, तर पॉइंट आपलं काम करताहेत. आता संशय कंडेन्सरवर आणि कॉईलवर. दिवा सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट मिटूनही करंट पुढे जात नाही: चेहऱ्यावर काजळी आहे किंवा तेल. पेटलाच नाही, तर कॉईलपर्यंत करंट येत नाही, पॉइंट उघडत नाहीत, किंवा कंडेन्सर शॉर्ट आहे. पॉइंट न उघडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे झिजलेली टाच. कॅमवर घासणारा फायबरचा हा तुकडा झिजतो तसतशी फट कमी होत जाते. अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी फट हवी. ती फिलर गेजने लावायची, नजरेने नाही. चेहरे पॉलिश पेपरने हलके घासायचे आणि नंतर कोरड्या फडक्याने पुसायचे, नाहीतर कागदाची भुकटीच करंट अडवते.

दोष पुढे निघाला आणि पावसाळा असेल, तर आधी कॅप. आत ओल धरली की करंट प्लगपर्यंत न जाता कॅपच्या भिंतीवरूनच पळ काढतो. पुसून कोरडी केली की बहुधा काम होतं. पण आत पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ किंवा केसाएवढी चीर दिसली, तर पुसून भागत नाही. ती कॅप टाकून द्यायची.

सगळ्यात जास्त फसवतो तो गरम झाल्यावर बंद पडण्याचा रोग. उन्हाळ्यात घाटात पद्मिनी थांबली की चालक इंजिनावरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकायचे, कारण पेट्रोलची वाफ होऊन पंप ओढत नाही. पण थकलेली कॉईल आणि कंडेन्सरही तापल्यावर नेमके असेच वागतात आणि थंड झाल्यावर शहाण्यासारखे चालतात. फरक कळतो तो गाडी बंद पडल्या पडल्या ठिणगी पाहिल्यावर. ठिणगी कडक असेल, तर पेट्रोलचं बघा. नसेल, तर फडकं टाकून फक्त वेळ जातो, आणि तेवढ्यात कॉईल थंड झाली की श्रेय फडक्याला मिळतं.

धक्क्याने चालू होणारी पण सेल्फवर न होणारी गाडी वेगळी. तिथे इग्निशन बहुधा ठीक असतं. सेल्फ इतका करंट खातो की मरगळलेल्या बॅटरीत ठिणगीपुरताही उरत नाही.

आजच्या गाड्यांना पॉइंट नाहीत, डिस्ट्रिब्युटर नाही, आणि त्या क्वचितच असा त्रास देतात. जुनी यंत्रणा जास्त बिघडते, हे मान्यच करायला हवं. पण तिचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताने तपासता येतो आणि रस्त्याच्या कडेला बदलता येतो. अशी गाडी बाळगणाऱ्यांनी एवढं करावं: डिकीत पॉइंटचा जोड, कंडेन्सर, रोटर, फिलर गेज आणि टेस्ट लॅम्प ठेवावा; काढण्याआधी प्लगच्या वायरींना नंबर घालावेत; इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नये, कॉईल तापते; आणि ठिणगी तपासताना आसपास सांडलेलं पेट्रोल नाही याची खात्री करावी. नवा भाग विकत घ्यायचा तो जुन्यावरचा गुन्हा सिद्ध झाल्यावरच.