दारातली शमी, बांधावरची शमी

आपटा आणि कांचन यांचा घोळ मागच्या भागात निस्तरला आणि या आठवड्यात सीताफळाच्या फुलाकडे वळायचं ठरलं होतं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, त्यावर दोन भाग तरी हवेतच. पण सोमवारी माजलगावातल्याच एका निवृत्त शिक्षिकांचा फोन आला. दसरा चार दिवसांवर असताना त्यांचा प्रश्न मागे ठेवणं बरं वाटेना. सीताफळ पुढच्या आठवड्यात.

बाई म्हणाल्या, "सर, दोन वर्षांपूर्वी रोपवाटिकेतून शमी आणली. दर शनिवारी तिच्यापाशी दिवा लावते. यंदा पहिल्यांदा फूल आलं, तर भाचा म्हणतो ही शमीच नाही. खरं काय?"

"फूल कसं आहे?"

"लोंबतं आहे. वर गुलाबी, खाली पिवळं. कानातल्या झुंबरासारखं."

झाड कोणतं ते तिथंच कळलं होतं. तरी संध्याकाळी जाऊन आलो. काटा बघितल्याशिवाय नाव सांगायचं नाही, हा माझा नेम आहे.

तुळशीवृंदावनाच्या शेजारी कमरेएवढं झाड, बुंध्याशी तेलाचा काळा डाग. एक फांदी हलकेच वाकवून बाईंना दाखवली. काटा सालीवर नुसता चिकटलेला नव्हता. बारीक आखूड डहाळीच टोकाशी कडक होऊन काटा झाली होती आणि त्याच काट्याच्या अंगावर पानं फुटली होती. मग पान मोजलं. मधल्या दांड्याला समोरासमोर फाटे फुटतात, त्या फाट्यांच्या नऊ जोड्या भरल्या. शमीच्या पानात असे फाटे बहुधा दोनच जोड्या असतात, फार तर तीन. बाईंच्या दारातलं झाड म्हणजे सिगमकाठी. संस्कृतात याला वीरतरू म्हणतात.

सिगमकाठीचं फूल एकदा नीट पाहिलं की विसरत नाही. तो एकच फुलोरा आहे, पण दोन रंगांचा. वरच्या गुलाबी भागातली फुलं वांझ असतात, त्यांना बी धरत नाही. खालच्या पिवळ्या भागातली फुलं शेंगा देतात. गुलाबी रंग एकदोन दिवसांत विटून पांढुरका होतो. शेंगा एकमेकींत पिळवटून त्यांचा गुंता होतो. शमीचं सगळं साधं. फिकट पिवळ्या बारीक फुलांची सडपातळ कणसं आणि पुढे लोंबणाऱ्या, दोरीसारख्या सडसडीत शेंगा.

मग खरी शमी कोणती? आपल्याकडची जुनी माणसं तिला सौंदड म्हणतात. आमच्या पाहण्यातली एक शमी सिंदफणा नदीच्या अंगाला एका शेताच्या बांधावर उभी आहे. राखेच्या रंगाची, भेगाळलेली साल, करडी हिरवी पानं. तिचे काटे लहान, बुडाशी रुंद, गुलाबाच्या काट्यांच्या जातीचे, आणि फांदीवर कुठेही विखुरलेले. ही विखुरलेली ठेवण नीट लक्षात ठेवा, कारण धरणाच्या फुगवट्याला आणि कालव्याच्या कडेला माजलेल्या येड्या बाभळीशी शमीची गल्लत इथेच सुटते. येड्या बाभळीच्या पानालाही फाटे थोडेच असतात, म्हणून पान फसवतं. तिचे काटे मात्र पानाच्या बेचक्यात, बहुधा जोडीनं येतात आणि चांगले लांब असतात. ही अमेरिका खंडातून आलेली बाभूळ शास्त्रज्ञ इतकी वर्षं शमीच्याच प्रजातीत, म्हणजे प्रोसोपिसमध्ये धरत होते. २०२२ मध्ये तिची प्रजाती वेगळी केली. शमी प्रोसोपिसमध्येच राहिली.

आपण फसवले गेलो, असं बाईंना वाटत होतं. त्यांना मी एक जुनी गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. १७५३ साली कार्ल लिनिअसचा वनस्पतींच्या नावांचा मोठा ग्रंथ निघाला. आजची शास्त्रीय नावं तिथूनच मोजली जातात. त्या ग्रंथात ५१७ व्या पानावर एका झाडाला त्यानं नाव दिलं मिमोझा सिनेरिया. तीन पानं उलटली की ५२० व्या पानावर दुसऱ्याच झाडाला पुन्हा तेच नाव, मिमोझा सिनेरिया! पहिलं झाड म्हणजे आपली शमी, दुसरं म्हणजे सिगमकाठी. १७५९ मध्ये त्यानं शमीचं नाव थोडं बदलून सिनेरारिया केलं. आज शमी प्रोसोपिस सिनेरारिया आहे आणि सिगमकाठी डायक्रोस्टॅकिस सिनेरिया. दोन्ही नावांच्या मुळाशी राख हाच लॅटिन शब्द. ज्यानं साऱ्या जगाला नावं देण्याची शिस्त लावली, त्याच्याही हातून नेमकी हीच दोन झाडं एका नावाखाली गेली. म्हणून मी पुन्हा पुन्हा सांगतो, नाव विचारण्याआधी काटा, पान, फूल आणि शेंग डोळ्यांखालून घाला. नाव बदलतं, काट्याची ठेवण बदलत नाही.

दसऱ्याला आपण आपट्याचं पान सोनं म्हणून देतो. शेजारच्या तेलंगणात त्या दिवशी सोनं म्हणून हातात ठेवतात ते शमीचं पान. तिथं तिला जम्मी म्हणतात आणि ती त्यांचा राज्यवृक्ष आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा आणि तेलंगण एकाच हैदराबाद राज्यात होते. सण एक, सोन्याची झाडं दोन. राजस्थानात हीच खेजडी. जोधपूरजवळच्या खेजडली गावात १७३० साली ती तोडू नये म्हणून अमृतादेवीसह बिश्नोई समाजाच्या ३६३ माणसांनी प्राण दिले. वाळवंटात शेतात उभी राहून ती सावली देते, पाला शेळ्यांना आणि उंटांना, कोवळ्या शेंगांची सांगरी माणसांना. पांडवांनी अज्ञातवासात शस्त्रं ठेवायला हेच झाड निवडलं, त्याचं मला कधी नवल वाटलं नाही.

खरी शमी लावायची असेल तर बी पासून लावा. उन्हाळ्याच्या अखेरीस शेंगा वाळतात. बियांचं कवच कठीण असतं. गरम पाणी ओतून रात्रभर तसंच भिजू द्या, फुगलेलं बी तेवढं पेरा. पिशवी उंच घ्या, कारण वर रोप वीतभर दिसतं तेव्हा सोटमूळ कितीतरी खाली गेलेलं असतं. कुंडीत ते वेटोळं घालून बसतं आणि झाड खुरटतं. आपल्या काळ्या जमिनीत पाणी साचतं, म्हणून उंचवट्यावर किंवा बांधाकडेला जागा द्या. पहिली दोनतीन वर्षं ती वाढतच नाही असं वाटेल. ती खाली वाढत असते, धीर धरा.

बाईंनी शेवटी विचारलं, "मग हे काढून टाकू का?"

मुळीच नाही. सिगमकाठी आपल्याच मातीतली, शेंगवर्गातली, जमिनीला नत्र देणारी. दोन वर्षं हातानं पाणी घातलेलं झाड नाव चुकलं म्हणून परकं होत नाही. ज्येष्ठात बांधावरून आणून ठेवलेल्या शेंगांतलं बी मी त्यांना दिलं. बुधवारी त्यांचा फोन आला: सातांतली चार फुगली, वृंदावनाच्या दुसऱ्या बाजूला पिशव्या मांडल्यात आणि शनिवारचा दिवा आता दोघींच्या मध्ये लागेल.

तुम्हीही दसऱ्याला शमीपूजनाला जाल तेव्हा फांदी मोडण्याआधी काटा बघा. शमी निघाली तर पाचच पानं घ्या, फांदी राहू द्या. जुनी झाडं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत आणि त्यांच्या शेंगांतूनच पुढची व्हायची आहेत.