पासवर्ड बदलून काय होणार?

ऑफिसात आपले मेल कुणीतरी वाचतंय अशी शंका आली की माणूस आधी पासवर्ड बदलतो. जिवाला बरं वाटतं, उपयोग मात्र बरेचदा शून्य, कारण वाचणाऱ्याला पासवर्ड लागलेलाच नसतो. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंजवर ॲडमिनने कुणाला सहकाऱ्याच्या मेलबॉक्सचा ‘फुल ॲक्सेस’ दिला की थोड्या वेळाने त्याच्या आउटलुकमध्ये डावीकडे, स्वतःच्या नावाखाली त्या सहकाऱ्याचं नाव आपोआप उगवतं. क्लिक केलं की अख्खा इनबॉक्स समोर. मेलबॉक्सच्या मालकाने रोज पासवर्ड बदलला तरी ते नाव हलत नाही. कधी चूक मालकाचीच असते. रजेवर जाताना एकाला फोल्डर दाखवायचं असतं आणि परवानगी दिली जाते ‘डिफॉल्ट’ला, म्हणजे कंपनीतल्या सगळ्यांना. म्हणून खातं कुणी फोडलं हे शोधण्याआधी परवानगी कुणी दिली, कधी दिली आणि परत का घेतली नाही, हे विचारायला हवं.

बेंगळुरूत हा प्रश्न जास्त बोचतो. इलेक्ट्रॉनिक सिटी किंवा व्हाइटफिल्डमध्ये बसून परदेशी कंपन्यांच्या मेलव्यवस्था सांभाळल्या जातात. तिकीट येतं: अमका नोकरी सोडतोय, त्याचा मेलबॉक्स तमक्याला द्या. काम करणारा दोघांनाही ओळखत नसतो, त्याला तिकीट वेळेत बंद करायचं असतं. देण्याचं तिकीट निघतं, काढून घेण्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही.

यावर कुणी म्हणेल, खरा धोका बाहेरच्या हॅकरचा. आहेच. पण २०२४च्या जानेवारीत खुद्द मायक्रोसॉफ्टच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचे मेल वाचले गेल्याचं उघड झालं, ते कसं? दुहेरी पडताळणी नसलेल्या एका जुन्या चाचणी खात्याचा पासवर्ड हल्लेखोरांनी अंदाजाने मिळवला. पुढची मजल मारली ती मात्र जुन्या चाचणी ॲपला कधीतरी देऊन ठेवलेल्या जादा अधिकारांच्या जोरावर. त्याआधी २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच चोरलेल्या डिजिटल सही-किल्लीने लॉगिनची बनावट ओळखपत्रं (टोकन) तयार करून सुमारे २५ संस्थांचे मेल वाचले गेले. ते पकडलं अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने. कुठला मेल कधी उघडला गेला याची नोंद त्यांच्याकडे होती, तीही जादा पैसे मोजून घेतलेली. टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने अशा नोंदी इतरांनाही खुल्या केल्या.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मेलबॉक्स कंपनीचा, मग खासगीपण कसलं? मालकी कंपनीची, हे मान्य. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाची किंवा यंत्रणेच्या प्रमुखाची परवानगी विचारतं. चुकून राहून गेलेली टिकमार्क म्हणजे अशी परवानगी, असं मानणं कठीण. त्यात अप्रामाणिक हेतू असेल तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय त्या इनबॉक्समध्ये दवाखान्याची बिलं असतात, अंतर्गत समितीकडे केलेली लैंगिक छळाची तक्रारही असू शकते. कंपनीने कामासाठी तपासणं आणि शेजारच्या टेबलवरच्याने चाळणं एक कसं होईल? रुमानियातल्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात २०१७ साली युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने तर म्हटलं की कंपनीनेही देखरेखीची कल्पना कर्मचाऱ्याला आधी द्यायला हवी.

तपासात क्रम महत्त्वाचा. घाबरून आधी परवानगी काढून टाकतात, तिथेच घोळ होतो. आधी परवानग्यांची यादी आणि नोंदी उतरवून ठेवाव्यात, मग दार लावावं. यादी फक्त कुणाला अधिकार आहे ते सांगते, तो दिला कुणी हे ॲडमिनच्या नोंदींतूनच कळतं. आणि त्या कायमच्या नसतात. मायक्रोसॉफ्टच्या साध्या योजनेत त्या १८० दिवस टिकतात, केंद्र सरकारच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशातही जपण्याची मुदत तेवढीच आहे. ‘बघू नंतर’ म्हणत एचआरने सात महिने लावले, तर सायबर पोलिसांकडे नेण्यासारखं फारसं काही उरत नाही.