जुन्या घड्याळांची पारख (लेखांक ६) : न चमकणारं रेडियम

गेल्या आठवड्यात डायलवरची छपाई भिंगाखाली पाहिली. आता त्याच डायलवरच्या पिवळट-हिरव्या लेपाकडे वळू. जुनं घड्याळ हातात आलं की गिऱ्हाईक काचेवर ओंजळ धरतं, आत डोकावतं आणि विचारतं, "रेडियम चालू आहे ना?" नाही म्हटलं तर घड्याळ तसंच पडून राहतं. म्हणून विकणारा जुना लेप खरवडतो आणि नवा भरून घेतो. पन्नास-साठ वर्षं टिकलेली गोष्ट अशी अर्ध्या तासात नाहीशी होते, याचं मला फार वाईट वाटतं. १९६५ चं घड्याळ आज अंधारात लखलखत असेल, तर माझा पहिला संशय तिथेच.

आपण सरसकट रेडियम म्हणतो, पण पिढ्यांगणिक हा लेप बदलत गेला. सुरुवातीला खरंच रेडियम होतं. झिंक सल्फाइडच्या भुकटीत ते अगदी किंचित मिसळत. रेडियमचे किरण भुकटीवर आदळत राहत आणि भुकटी रात्रंदिवस चमके, तिला उजेड दाखवायची गरज नसे. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या डायलवरही ते जवळजवळ तेवढंच आहे. मेली आहे ती भुकटी. सततच्या माऱ्याने तिची चमकण्याची ताकद काही दशकांतच संपते. मुंबईतून विकली गेलेली वेस्ट एंड कंपनीची जुनी 'सोवार प्रायमा' पाहा. आकड्यांतला लेप तपकिरी, निस्तेज दिसतो, पण किरणोत्सर्ग मोजणारं गायगर यंत्र जवळ नेलं की टकटक सुरू होते.

साठच्या दशकात रेडियम मागे पडलं आणि ट्रिशियम आलं. सहाच्या आकड्याखाली 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना बारीक 'टी' छापलेला दिसतो, तो याचाच. ट्रिशियम साधारण सव्वाबारा वर्षांत निम्मं होतं. पन्नास वर्षांत सोळावा हिस्सा उरतो, तेव्हा चमक जाणारच. त्याचे किरण इतके दुबळे की काचेबाहेर पडत नाहीत, त्यामुळे गायगर यंत्र गप्प राहतं. पुढे १९९३ मध्ये जपानच्या नेमोतो कंपनीने स्ट्राँशियम अ‍ॅल्युमिनेटचा लेप काढला. तो किरणोत्सारी नाही; उजेड पितो आणि मग तासन्‌तास चमकतो. पारखीच्या दृष्टीने हे साल फार मोलाचं. दोन मिनिटं उजेड दाखवल्यावर जो लेप रात्रभर चमकत राहतो, तो १९६५ साली अस्तित्वातच नव्हता.

हा फरक ओळखायला नोटा तपासायची जांभळी बॅटरी पुरते. अंधाऱ्या खोलीत डायलवर ती धरा आणि बंद करा. जुना लेप बॅटरी चालू असेपर्यंत मंद उजळतो आणि बंद करताच दोन-चार सेकंदांत विझतो. नवा लेप तेवतच राहतो. चहा-कॉफीच्या रंगाची छटा देऊन नवा लेप जुना भासवणारे कारागीर आहेत, पण रंगाने डोळा फसला तरी हे विझणं सहसा फसवत नाही. मात्र या एका खुणेवर निकाल देऊ नये. डायल, काटे, छपाई यांचं एकमेकांशी जमतं का, ते बघायचं.

पनवेलच्या एका वाचकांनी वडिलांचं फेवर ल्युबा 'सी चीफ' दाखवायला आणलं. सहाखाली दोन्ही 'टी' स्पष्ट. तासांच्या खुणांवरचे ठिपके सायीसारखे पिवळसर, भिंगातून कडा किंचित खडबडीत, कुठेही खुणेबाहेर सांडलेले नाहीत. तीन आणि चारचे ठिपके मात्र काळपट हिरवे. चावी तिथेच असते आणि तिच्या वाटेने दमट हवा आत जाते. कोकणपट्टीतल्या घड्याळांत हे इतकं सर्रास दिसतं की परदेशी पुस्तकांतला 'सगळीकडे एकसारखा मधाळ रंग' हा निकष इथे आंधळेपणाने लावू नये. चार महिने पावसात भिजणाऱ्या गावात लेप डागाळणं हा घड्याळाच्या खरेपणाचाच पुरावा असू शकतो.

मग काटे पाहिले. मिनिटकाट्यातल्या लेपाला आडव्या बारीक चिरा, रंग ठिपक्यांशी जुळणारा. तासकाट्यातला लेप गुळगुळीत, पांढुरका, कडेला थोडा काट्याच्या धातूवर चढलेला. बॅटरी बंद केली. ठिपके विझले, मिनिटकाटा विझला, तासकाटा एकटाच हिरवा पेटलेला राहिला. म्हणजे डायल आणि मिनिटकाटा मूळचे, तासकाटा बदललेला किंवा त्यात लेप नव्याने भरलेला. ठिपकेही नव्याने भरून सगळं एकसारखं करून घ्यावं का, असं त्यांनी विचारलं. मी कळकळीने नको म्हटलं.

रेडियमच्या घड्याळांत आणखी एक खूण मिळते. वर्षानुवर्षं कपाटात बंद पडून राहिलेल्या घड्याळात काटे जिथे थांबले, तिथे डायलवर त्यांच्या आकाराची तपकिरी सावली उमटते. ही सावली आत्ताच्या काट्यांच्या आकाराशी जुळली, तर काटे मूळचेच असण्याची शक्यता मोठी.

परदेशातले संग्राहक आपल्याकडून रंगवून गेलेल्या घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात, नाक मुरडून. २०१६ मध्ये एचएमटीचा घड्याळ कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला, आणि त्यांच्या रंगवलेल्या 'पायलट' घड्याळांची चलती वाढली. पण डायल रंगवणाऱ्या कारागिरांना सरसकट ठग ठरवणं मला मान्य नाही. घड्याळ ही रोज वापरायची वस्तू होती. लग्नात मिळालेलं घड्याळ घामाने, पावसाने खराब झालं की माणसं डायल नवी करून घेत आणि पुन्हा वीस वर्षं वापरत. त्यात फसवणूक कसली? लेप नवा आहे हे बिलावर लिहिलं नाही आणि मूळचा म्हणून दुप्पट पैसे घेतले, तर ती फसवणूक. म्हणून विकत घेताना 'लेप मूळचा' असं लिहून मागा. खात्री नसलेला विक्रेता तिथेच अडखळतो.

आता सावधगिरी. अमेरिकेत १९१७ पासून न्यू जर्सीतल्या कारखान्यात तरुण मुली रेडियमच्या डायली रंगवत. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलेलं होतं. जबड्याची हाडं सडून त्यांतल्या कितीतरी जणी गेल्या. पाच जणींनी भरलेल्या खटल्यात १९२८ मध्ये तडजोड झाली, आणि कामगारांच्या सुरक्षेचा प्रश्न ऐरणीवर आला. बंद घड्याळ हाताळण्यात तेवढा धोका नाही; धोका आहे तो सुटलेली भुकटी श्वासातून किंवा तोंडातून शरीरात जाण्याचा. साठच्या आधीचं, 'टी' नसलेलं, तपकिरी लेपाचं घड्याळ घरी उघडू नका. उशाशी ठेवू नका, हवा खेळती राहील अशा जागी ठेवा. आणि दुरुस्तीला देताना 'यात रेडियम असू शकतं' हे आधी सांगा, कारण डायलवरची धूळ तोंडाने फुंकून उडवायची सवय बहुतेक घड्याळवाल्यांच्या अंगवळणी पडलेली असते.