आमच्या फिश टँकचा राखणदार

गेल्या जानेवारीतील गोष्ट. नाशिकला त्या दिवसांत पारा दहाच्या खाली उतरतो. अम्मी फजरला उठली, दिवाणखान्यातला दिवा लावला आणि तिथूनच मला हाक मारली, "अरे, मासे सगळे वर का आलेत, बघ जरा!"

मी धावत गेलो. टाकीतले अकराच्या अकरा निऑन टेट्रा पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडे उघडझाप करत होते. काचेला हात लावला तर काच चांगली कोमट. टाकीशेजारच्या डब्याच्या छोट्या पडद्यावर दोन ओळी होत्या. वरच्या ओळीत पाण्याचे तापमान, ३२.५ अंश. खालच्या ओळीत 'हीटर ऑफ'. आणि पाण्यातल्या हीटरचा लाल दिवा मात्र लख्ख पेटलेला!

मी प्लग ओढून काढला. झाकण उघडले, हवेचा पंप वाढवला. बर्फ टाकायचा मोह झाला, पण टाकला नाही. एकदम थंड झालेले पाणीही माशाला तितकेच वाईट. तरी दुपारपर्यंत चार मासे गेले.

ती टाकी माझ्या मुलीने दोन वर्षांची ईदी साठवून घेतली होती. ती आठवीत आहे. डबा आम्ही बाप-लेकीने दिवाळीच्या सुट्टीत घरीच बनवलेला. चार मासे कुंडीतल्या मातीत पुरून झाल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, "अब्बू, पडद्यावर ऑफ लिहिलं होतं. मग हीटर चालू कसा?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आम्हाला दोन रविवार लागले. ज्यांच्या घरी टाकी आहे, किंवा ज्यांची मुले असे काही बनवण्याचा हट्ट धरून बसली आहेत, त्यांच्यासाठी ते इथे मांडतो.

डबा हवाच कशाला?

खरे सांगायचे तर डब्यावाचूनही मासे जगतात. महापालिका डासांच्या अळ्या खाण्यासाठी विहिरी-हौदांत सोडते ते गप्पी मासे थंडी-उन्हाळा बरेच सोसतात. निऑन टेट्राचे तसे नाही. तो मूळचा अमेझॉनच्या खोऱ्यातला, स्थिर, उबदार पाण्याची सवय असलेला. आमच्याकडे थंडीत हीटर लागतो आणि एप्रिल-मेमध्ये उलट पाणी थंड करावे लागते. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. वीस अंशाला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर तीस अंशाला साडेसातच्या आसपास. त्यात उष्णतेने माशाची गरज वाढलेली असते. त्या पहाटे मासे वर आले होते ते याचसाठी.

आमचा डबा तीन कामे करतो. थंडीत हीटर चालू-बंद करतो, उन्हाळ्यात पाण्यावर वारा घालणारा छोटा पंखा लावतो आणि दिवा रोज आठ तास पेटवून विझवतो. पंख्याचे तत्त्व माठाचेच. पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेले गार होते. दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो, फक्त उडालेले पाणी रोज भरावे लागते.

डब्याच्या आत

डब्याचा मेंदू म्हणजे आर्डुइनो नावाचा तळहाताएवढा बोर्ड. इटलीतील इव्हरेआ या गावी २००५ साली तो विद्यार्थ्यांसाठी तयार झाला. संगणकावर काही ओळींचा प्रोग्राम लिहून त्यात भरायचा, मग तो एकटाच ते काम करत राहतो. पाण्याचे तापमान मोजायला डीएस१८बी२० नावाचा सेन्सर. पोलादी नळीत बंद केलेला मिळतो, त्यामुळे पाण्यात बुडवता येतो, आणि अर्ध्या अंशाच्या फरकाने बरोबर सांगतो. वेळ सांगायला घड्याळाचे वेगळे मोड्यूल. त्यात नाण्यासारखा सेल असतो, म्हणून वीज गेली तरी वेळ चुकत नाही. आकडे दाखवायला दोन ओळींचा पडदा. आणि शेवटी रिले.

रिले म्हणजे विजेने चालणारे बटण. बोर्ड पाच व्होल्टवर चालतो, हीटर २३० व्होल्टवर. बोर्डाने इशारा दिला की रिलेच्या पोटातले छोटे चुंबक एक पत्री ओढते, 'टक' असा आवाज होतो आणि मोठ्या विजेची वाट जोडली जाते. इशारा थांबला की स्प्रिंग पत्रीला मागे आणते. आमच्या गोष्टीतला गुन्हेगार हाच, पण त्याच्याकडे नंतर येऊ.

सुरुवातीचे बिघाड

डबा पहिल्या दिवशी चालला नाही. असे डबे सहसा चालतही नाहीत. पडदा उजळला, पण अक्षरे नाहीत. तासभर वायरी तपासल्यावर कळले की पडद्याच्या मागे एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की अक्षरे ठळक होतात. बिघाड नव्हताच.

मग तापमान उणे १२७ दिसू लागले. इतके थंड पाणी जगात कुठे असणार? 'सेन्सर सापडत नाही' हे सांगण्याची ती प्रोग्रामची रीत आहे. आमच्या डब्यात सेन्सरची माहिती आणणारी वायर आणि पाच व्होल्टची वायर यांच्यामध्ये ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावायचा राहिला होता. तो लावताच खरा आकडा आला. कधी कधी ८५ दिसते. सेन्सर नुकताच जागा झाला आहे, त्याने अजून मोजलेलेच नाही, असा त्याचा अर्थ. वारंवार ८५ दिसत असेल तर बहुधा कुठेतरी जोड ढिला आहे.

सेन्सर खरे बोलतो का, हे पाहायला आम्ही अम्मीच्या स्वयंपाकघरातून बर्फ आणला. पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडे पाणी घालून ढवळले की ते मिश्रण शून्य अंशावर राहते. सेन्सरने ०.३ दाखवले. पास!

तिसरा त्रास मजेशीर होता. फिल्टरची मोटर बंद झाली की पडद्यावर चित्रविचित्र खुणा उमटायच्या आणि बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. मोटर बंद होताना विजेचा एक झटका उलटा येतो, तो बोर्डाला हलवतो. आम्ही २३० व्होल्टच्या वायरी सेन्सरच्या वायरींपासून लांब नेल्या आणि रिलेला वेगळ्या चार्जरवरून वीज दिली. त्रास थांबला.

या सगळ्यात मुलीने एक वही केली. तारीख, काय दिसले, काय बदलले, पुढे काय झाले. एक नियम आम्ही ठरवला होता, एका वेळी एकच बदल. मी घाईत दोन गोष्टी एकदम बदलल्या की ती मला टोकायची, "अब्बू, आता कशाने दुरुस्त झालं ते कसं कळणार?"

त्या रात्री काय झाले?

तिच्याच वहीत उत्तर सापडले. डिसेंबरच्या एका पानावर लिहिले होते, 'डबा फार बोलतो.' मी ते तेव्हा हसण्यावारी नेले होते.

आमच्या प्रोग्राममध्ये लिहिले होते, पाणी २५ अंशांच्या खाली गेले की हीटर चालू, वर गेले की बंद. ऐकायला अगदी सरळ. पण पाणी २५ च्या काठावर असताना आकडा क्षणात २४.९, क्षणात २५.१ होतो. तेवढ्या वेळात रिले टक-टक, टक-टक करत राहतो. प्रत्येक 'टक' बरोबर आत बारीक ठिणगी पडते. महिनाभर दिवसरात्र ठिणग्या पडून पत्रीचे टोक वितळत गेले आणि त्या रात्री ते समोरच्या टोकाला डागल्यासारखे चिकटून बसले. प्लग काढून, डबा मोकळा करून मी रिलेवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकले, तेव्हा 'टक' वाजले आणि पत्री सुटली.

म्हणजे बोर्डाने 'बंद हो' असे सांगितले होते आणि आपण सांगितले तेच पडद्यावर लिहिले होते. हीटर खरोखर बंद झाला की नाही, हे पाहायला त्याच्याकडे काहीच नव्हते. पडद्यावर आपला हुकूम दिसत होता, हकीकत नव्हे.

पण रिले चिकटला तरी मासे मरायला नको होते. ती चूक माझी. बाजारातल्या हीटरला स्वतःचे बटण असते, ठरवलेल्या तापमानाला तो आपोआप बंद होतो. 'आता आपला डबा आहे ना,' म्हणून मी ते बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवले होते. शिवाय दुकानदार १०० वॅटचा म्हणाला तो मी घेतला. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच, म्हणजे सुमारे ५४ लिटरची. तिला ५० वॅटचा पुरतो. १०० वॅटचा हीटर एवढे पाणी साधारण चाळीस मिनिटांत एक अंश तापवतो. अडकलाच तर एका रात्रीत काय होते ते आम्ही पाहिले.

डबा बिघडेल, हे धरून चला

दुसरा डबा आम्ही वेगळ्या विचाराने बांधला. तो बिघडणारच आहे, बिघडला तर माशांचे काय, हा प्रश्न आधी.

आता हीटर २४.५ ला चालू होतो आणि २५.५ ला बंद. मधल्या एका अंशात डबा काही करत नाही. एकदा बंद झाला की पाच मिनिटे पुन्हा चालू होत नाही. टकटक संपली. हीटर ५० वॅटचा, आणि त्याचे स्वतःचे बटण २७ वर. रिले पुन्हा चिकटला तरी पाणी तिथेच थांबेल. २८ ला एक भोंगा वाजतो, कारण रात्री पडदा वाचायला कोणी जागे नसते.

रिलेला वायर जोडायला दोन जागा असतात. एक एन.ओ., म्हणजे इशारा नसताना तुटलेली. दुसरी एन.सी., म्हणजे इशारा नसताना जोडलेली. हीटर एन.ओ. वर घेतला, फिल्टर एन.सी. वर. बोर्ड बंद पडला तर हीटर बंद राहतो आणि फिल्टर चालू राहतो. मासा काही तास थंडी सोसेल, पण फिल्टर बंद पडला तर त्यातले पाणी स्वच्छ ठेवणारे जिवाणू प्राणवायूवाचून मरू लागतात.

एक धोका मुलीने शोधला. तिने मुद्दाम सेन्सरची वायर उपटली. पडद्यावर उणे १२७ आले आणि हीटरचा रिले लगेच लागला! प्रोग्रामला वाटले, पाणी गोठले आहे. आता प्रोग्रामची पहिलीच ओळ अशी की आकडा १० पेक्षा कमी किंवा ४० पेक्षा जास्त आला तर तो खोटा समजायचा, हीटर बंद करायचा, भोंगा वाजवायचा.

आणि हा डबा आम्ही लगेच टाकीला जोडला नाही. आठवडाभर सेन्सर बादलीत ठेवला आणि हीटरच्या जागी साधा बल्ब लावला. बल्ब लागला-विझला की वहीत नोंद. मध्येच मेन स्विच बंद करून पाहिला, चार्जर काढून पाहिला. बादलीत मासे नव्हते, त्यामुळे सगळ्या चुका बिनधास्त करता आल्या.

विजेशी खेळ नको

पाणी आणि २३० व्होल्ट शेजारी-शेजारी असतात, म्हणून काही गोष्टी कडक पाळाव्या. मुलांनी फक्त पाच व्होल्टच्या बाजूला काम करावे. मोठ्या विजेची जोडणी वायरमनकडून करून घ्यावी. आम्ही गल्लीतल्या वायरमनचाचांना बोलावले. त्यांनी रिले फेजच्या वायरवर घेतला, न्यूट्रलवर नाही, आणि अर्थिंग तपासले. टाकीच्या बोर्डासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. गळती झाली तर तो क्षणात वीज तोडतो. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोका घेऊन मग वर जावी, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी झोक्यातून खाली पडते, सॉकेटमध्ये शिरत नाही. डबा टाकीच्या खाली कधीच ठेवू नये. पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळे प्लग काढावे. पाणी बदलताना हीटर आधी बंद करावा, नाहीतर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो.

या मार्चमध्ये मुलीने स्वतः जाऊन आणखी चार निऑन टेट्रा आणले. पिशवी अर्धा तास टाकीत तरंगत ठेवून मग त्यांना हळूच सोडले. जुना रिले तिने फेकला नाही, वहीच्या पुठ्ठ्याला चिकटपट्टीने लावून ठेवला आहे.

शाळेत निघताना ती रोज टाकीपाशी थांबते. आधी काचेला हात लावते, मासे मोजते, हीटरचा दिवा पाहते आणि मग पडद्यावरचा आकडा वहीत लिहिते. परवा अम्मी तिला म्हणाली, "डबा आहे ना सगळं बघायला?" ती म्हणाली, "दादी, डब्याला कोण बघणार?"