जुन्या डीझेल ट्रकास वापरलेला टर्बोचार्जर बसविताना

डीझेल एंजिनात इंधन हवे तेवढे मोजून सोडता येते. परंतु ते जाळण्यास लागणारी हवा एंजिनास स्वतःच ओढून घ्यावी लागते. दट्ट्या खाली सरकताना सिलिंडरात जेवढी हवा शिरेल तेवढीच त्याच्या वाट्यास येते. त्याहून अधिक इंधन सोडल्यास ते पुरते जळत नाही व काळा धूर होऊन बाहेर पडते. म्हणजे एंजिनाच्या शक्तीची खरी मर्यादा हवेची होय.

ही मर्यादा ओलांडण्याची युक्ती स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याच्या १९०५ सालच्या पेटंटात आढळते. एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंबरोबर इंधनातील ऊर्जेचा बराच मोठा भाग वाया जातो. या वायूंनी एक लहान टर्बाइन फिरवावयाचे आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास बसविलेल्या पंख्याने हवा दाबून सिलिंडरात भरावयाची, हेच टर्बोचार्जरचे तत्त्व. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ साली सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक शिखरावर याची परीक्षा घेतली. समुद्रसपाटीवर सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे विमानाचे एंजिन तेथील विरळ हवेत २३० वर आले होते. टर्बोचार्जर जोडताच ते ३५६ वर गेले.

एक प्रत्यक्ष उदाहरण

अमेरिकेतील फोर्ड कंपनीच्या मोठ्या पिकअप ट्रकांत १९८३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचे आठ सिलिंडरांचे ६.९ लिटर डीझेल एंजिन येत असे. १९८८ पासून त्याची जागा ७.३ लिटरच्या एंजिनाने घेतली. कारखान्यातूनच टर्बोचार्जर घेऊन येणारे एंजिन १९९३ साली निघाले. तोपर्यंत बँक्स, एटीएस यांसारखे बाहेरचे उत्पादक बसवावयाचे संच विकीत. हे संच आता बहुधा मोडीत निघालेल्या गाड्यांवरूनच मिळतात. असा संच घेणाराने प्रथम त्याच्याकडे न पाहता आपल्या एंजिनाकडे पाहावे.

एंजिन हे ओझे सोसेल काय?

या एंजिनांत हवा सुमारे एकवीस पटींनी दाबली जाते. आत शिरणारी हवाच अधिक दाबाची असेल, तर शेवटचा दाबही त्या प्रमाणात चढतो. म्हणून येथे दर चौरस इंचास दहा पौंडांच्या आसपासचा जादा दाब पुरेसा मानावा. ६.९ लिटर एंजिनाच्या सिलिंडर-हेडचे बोल्ट ७.३ लिटरच्या बोल्टांहून बारीक आहेत. तेथे तर अधिक संयम हवा. उलट ७.३ लिटरमध्ये सिलिंडरचा व्यास वाढविल्यामुळे त्याची भिंत पातळ झाली. सिलिंडरच्या कंपनाने थंड पाण्याच्या बाजूस सूक्ष्म बुडबुडे उठतात व फुटतात, आणि त्यांच्या माऱ्याने भिंतीस बाहेरून छिद्रे पडू लागतात. त्याकरिता पाण्यात योग्य रक्षक द्रव्य वेळोवेळी घातले गेले होते की नाही, याची चौकशी करावी. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजून पाहावा. दाब कमी-जास्त असेल, तर टर्बोचार्जर हा त्यावरचा उपाय नव्हे.

संच पारखताना

टर्बोचार्जरचा दांडा मिनिटास लाखाच्या आसपास फेरे घेतो व तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. बोटाने हलविल्यास आडवी हालचाल किंचित जाणवणे स्वाभाविक आहे. परंतु पाती कवचास घासत असतील, किंवा दांडा पुढे-मागे सरकत असेल, तर बेअरिंग झिजले आहे असे समजावे. पात्यांच्या कडा तुटलेल्या नसाव्यात. दोन बाजूंना जोडणारा धुराचा नळ, तेल परत नेणारा नळ, हवेची टोपी व कंसपट्ट्या हे सर्व भाग मोजून घ्यावेत. व्हॅनसाठीचे नळ पिकअपला बसतीलच असे नाही. गास्केटे मात्र नवीच घालावीत.

तेल: सर्वांत मोठा धोका

टर्बोचार्जरमधून तेल दाबाने परत येत नाही. ते केवळ आपल्या वजनाने खाली उतरते. म्हणून परतीचा नळ रुंद, सतत उताराचा व कोठेही न दबलेला असावा. तो तुंबल्यास तेल हवेच्या वाटेने सिलिंडरात शिरते आणि तेच इंधन म्हणून जळू लागते. मग किल्ली फिरवून डीझेल बंद केले तरी एंजिन थांबत नाही. वेग वाढतच जातो आणि ते फुटूही शकते. अशा वेळी हवा तोडणे हाच उपाय. त्यासाठी पहिल्या चाचणीस सपाट जाड फळी हाताशी ठेवावी. हात किंवा चिंधी तोंडाशी मुळीच नेऊ नये, कारण ती आत ओढली जाते.

चाचणीपूर्वी टर्बोचार्जरच्या तेलद्वारात स्वच्छ तेल ओतावे. नंतर डीझेल बंद ठेवून, परतीच्या नळातून तेल येईपर्यंत स्टार्टरने एंजिन फिरवावे. कोरडे बेअरिंग काही क्षणांतच निकामी होऊ शकते.

इंधन व उष्णता

नुसत्या हवेने शक्ती फारशी वाढत नाही. पंपाचा स्क्रू फिरवून थोडे इंधनही वाढवावे लागते. पण त्याआधी टर्बाइनच्या तोंडाशी उष्णतामापक बसविणे अगत्याचे आहे. दट्टे ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचे असतात, आणि शुद्ध ॲल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला वितळते. ताजी हवा व तेल यांमुळे दट्टे वायूंहून थंड राहतात, तरी लांब चढावर वायूंचे तापमान ६८० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नये. काटा चढू लागताच पाय सैल करावा व खालचा गिअर घ्यावा. थांबताना एक-दोन मिनिटे एंजिन मंद चालू ठेवावे. अन्यथा तापलेल्या बेअरिंगात तेल जळून कोळसा साचतो.

भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मोटर वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ अन्वये वाहनाच्या मूळ रचनेत मनास येईल तसा बदल करता येत नाही. तेव्हा हत्यारे हाती घेण्यापूर्वी नोंदणी अधिकाऱ्याकडे विचारणा करणे इष्ट.