थाईम विकायचंय? आधी चार कुंड्या लावा

घरी थाईम लावून विकता येईल का? येईल, पण आधी झाड ओळखा. हे भूमध्य समुद्राकाठच्या कोरड्या, खडकाळ भागातलं. पाणी कमी पडलं तर तग धरतं, जास्त झालं की मुळं कुजतात. त्यामुळे आपला पावसाळा हाच याचा खरा शत्रू. जून ते सप्टेंबर कुंड्या आडोशाला ठेवा, पण उजेड आणि वारा हवाच. मातीची कुंडी, मिश्रणात निम्मी जाड वाळू, रोज सहा तास ऊन. वरची माती सुकल्यावरच पाणी.

बियांपासून रोप फार हळू वाढतं. त्यापेक्षा ऑक्टोबरनंतर कोवळ्या फांदीचे चार इंची तुकडे लावा, तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात. तोडताना फक्त हिरवे शेंडे घ्या. खालच्या लाकडासारख्या भागापर्यंत कापलं तर पुन्हा फूट येणं अवघड.

आता पैशाचं. १०० ग्रॅम सावलीत वाळवा, काड्या काढा आणि उरलेला पाला तोला. भाव त्या वजनावर काढायचा, ओल्यावर नाही. बरेच जण इथेच फसतात. शिवाय वाळवून पॅक करून विकायचं तर एफएसएसएआय नोंदणी लागते. रोपं विकायला ती लागत नाही, म्हणून मी तर म्हणेन, सुरुवात रोपांनीच करा.

गिऱ्हाईक? जवळचा कॅफे, बेकरी, पिझ्झावाला. नमुना द्या आणि आठवड्याला किती लागेल ते विचारा. घरगुती गिऱ्हाइकाला ओव्याचं उदाहरण द्या, दोन्हींत थायमॉल असतं. बटाट्याच्या भाजीत चिमूटभर टाकून बघा म्हणावं!