पेटीतलं बाळ घरी आल्यावर

‘बाळ पेटीतून बाहेर आलं, सुटलो एकदाचे!’ असं आपण म्हणतो. पण मैत्रिणींनो, खरी काळजी पुढेच असते. अतिदक्षता विभागातून आलेली बरीच बाळं छान वाढतात. काहींना मात्र नजर, ऐकणं, हालचाल यांत अडचण येऊ शकते.

३४ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासून घ्याच. फारच लहान बाळाचे त्याही आधी. डोळ्याच्या पडद्याचा आजार वरून बघून कळत नाही आणि उशीर झाला तर नजर कायमची जाऊ शकते. कानांची तपासणीही पहिल्या महिन्यातच करावी.

दोन महिने आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं, तरी वाढीच्या हिशेबात ते चार महिन्यांचंच धरायचं. ‘अजून बसत कसं नाही?’ म्हणून सुनेला बोल लावण्याआधी हे गणित करा. त्यानंतरही बाळ मागे वाटलं, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात (२०१३ पासून) अनेक जिल्हा रुग्णालयांत अशा मुलांसाठी मोफत उपचार केंद्रं आहेत.

गाडीभाडं, शेतीची कामं, घरचा नकार, कारणं खरीच असतात. तरी डिस्चार्ज कार्डावरची तारीख चुकवू नका, बायांनो!